जास्तीची गाठ

मिलचा दुसरा भोंगा झाला की म्हाळसाबाई घोंगडीची घडी खांद्यावर टाकायची, काठी उचलायची आणि पोरी गोळा करायला निघायची. बाळीवेशीजवळ कापसाच्या एका जुन्या वखारीत मुलींची शाळा भरत होती. तिथं ती बोलावणारी बाई होती. सकाळी दारोदार जाऊन पोरी आणायच्या, संध्याकाळी दारोदार पोचत्या करायच्या, मधल्या वेळात झाडलोट करायची आणि पाण्याचे माठ भरायचे, हे तिचं काम.

ती सांगोल्याकडची धनगरीण. मानमोडीच्या साथीत नवरा गेला, पाठोपाठच्या दुष्काळात मेंढरं गेली, आणि उरलेली एक काठी घेऊन ती सोलापुरात आली. त्याला आता आठ वर्षं होत आली होती. साल सत्तावीस चाललं होतं.

शाळा सुरू झाली ती चन्नप्पाशेटच्या खटपटीनं. चाटी गल्लीत त्यांचं लुगड्यांचं दुकान. ते शाळेचे सेक्रेटरी. तेव्हा पोरी शाळेत धाडायला कुणी तयार होईना. शेट स्वतः उंबरे झिजवत हिंडले आणि प्रत्येक घरात एकच शब्द दिला : "तुमची पोर एकटी रस्त्याला लागणार नाही. आमची बाई दारात येऊन नावानं तीन हाका मारील. पोर तिच्याच हाती द्यायची, तिच्याच हातून परत घ्यायची. दुसरं कुणी बोलवायला आलं तर, अगदी मी आलो तरी, द्यायची नाही." या शब्दावर शाळा उभी राहिली. पुढं तो शाळेचा नियमच झाला, आणि घरोघरच्या बायकांना तो रामरक्षेसारखा पाठ होता.

म्हाळसाबाईला लिहिता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. कमरेला काळ्या लोकरीचा एक दोरा गुंडाळलेला असायचा. एका पोरीला एक गाठ. शाळेच्या फाटकात आली की ती काठी आडवी धरायची आणि एकेक पोर काठीखालून वाकून आत सोडायची. रानात मेंढरं कोंडायला जाळी लावतात, तिला वाघर म्हणतात. वाघरीच्या तोंडाशी मेंढरं जशी मोजून घेतात तशी ही पोरी मोजून घ्यायची. प्रत्येकीच्या डोक्याला हात लावायचा आणि पुढची गाठ अंगठ्याखाली घ्यायची. दोन विसाला एक कमी, म्हणजे एकोणचाळीस. रोज तेवढ्याच.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गाठी संपल्या आणि काठीखाली आणखी एक पोर उभी राहिली.

दहाएक वर्षांची. अंगात मोठ्या माणसाची चोळी, केसांना तेल नाही, हातात कुणाची तरी फुटकी पाटी. म्हाळसाबाईचा वर उचललेला हात तसाच राहिला.

"कुणाची गं तू?"

"कुंडलिक हलगीवाल्याची. भिमा."

"कुटं ऱ्हाता?"

"वेशीच्या भाईर. मांगवाड्यात." पोरीनं मान खाली घातली नाही. "आई चाटी गल्लीत केरसुण्या इकती. मी तिच्यासंगं येते."

"मग हितं कुनी बोलावलं तुला?"

"तुमीच की. रोज वराडता, चला गं पोरींनो शाळंला. मी बी पोरच हाय."

म्हाळसाबाईला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. तिच्याच जातीत मांगाची सावली टाळणारी माणसं होती. ती स्वतःही टाळत आली होती. पण तिच्या डोक्यात जातीच्या आधी मेंढरं आली. धनगराची एक रीत आहे. दुसऱ्याचं चुकलेलं मेंढरू आपल्या कळपात शिरलं तर त्याला कुणी हाकलत नाही. धनी हुडकत येईपर्यंत आपल्यातच चारायचं, पाजायचं, आणि रात्री मोजताना आपल्यातच धरायचं. न धरावं तर रीत मोडते, आणि रीत मोडली की कळपाला बरकत राहत नाही.

तिनं भिमाच्या डोक्यावर हात टेकवला. मग दोऱ्याच्या टोकाला एक नवी गाठ मारली. दोन विसा पुऱ्या झाल्या.

भिमा वर्गात गेली नाही. पहिलीच्या खिडकीबाहेर पडवी होती. झाडलोट झाल्यावर म्हाळसाबाई तिथं बसून चाती फिरवायची, लोकर कातायची, आणि आत चाललेलं ऐकायची. चन्नप्पाशेटची थोरली मल्लव्वा सातवीत होती. ती मधल्या सुट्टीत म्हाळसाबाईला अक्षरं शिकवायची. पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या हातात पेन्सिल राहत नव्हती, काठी धरल्यासारखी ती मुठीत धरायची. आता त्याच पाटीवर भिमाही गिरवू लागली. आठ दिवसांत ती म्हाताऱ्या शिष्येच्या पुढं गेली.

"मावशी, तुमचा म मेल्यावानी पडलाय," भिमा म्हणायची.

"पडू दे. उठंल सावकाश. तुजं बघ."

मधल्या सुट्टीत भिमाला तहान लागली की म्हाळसाबाई तांब्यानं वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतायची. माठाला हात लावू देण्याएवढी छाती तिला अजून झाली नव्हती.

हेडमास्तरीण कस्तुराबाई. मुली त्यांना मोठ्या बाई म्हणायच्या. पुण्याला ट्रेनिंग झालेल्या, अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. पडवीतली पोर त्यांना दुसऱ्याच दिवशी दिसली. त्यांनी खिडकीचं दार थोडं जास्त उघडलं आणि फळा खिडकीकडं सरकवला. बोलल्या काहीच नाहीत. बोललं की पटावरचं नाव विचारावं लागतं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा महिन्यावर आली. जत्रेनंतर शाळेचं संमेलन व्हायचं होतं, आणि त्यात मोठ्या मुली लेझीम खेळणार होत्या. चन्नप्पाशेटनी परवानगी दिली, पण अट घातली : वखारीची दारं बंद, बघायला फक्त बायका, पुरुष एकही नको.

इथंच घोडं अडलं. लेझमीला हलगी लागते, आणि हलगी वाजवणारे सगळे पुरुष. मोठ्या बाई टाळ्या वाजवून "एक, दोन, तीन, चार" म्हणायच्या आणि पोरी त्यावर पाय टाकायच्या. साखर पेठेतल्या विणकराची कमलम्मा त्यांत सगळ्यांत चपळ. तिनं आपली लेझीम पदराखाली घालून घरी नेली होती. बापाचा माग ठकठक चालला की त्या तालावर ती मागच्या खोलीत सराव करायची. ती म्हणाली, "बाई, तुमच्या टाळीपेक्षा आमचा माग बरा."

त्याच दिवशी पडवीतून आवाज आला. भिमानं कचऱ्याचं पत्र्याचं सूप गुडघ्यावर उभं धरलं होतं आणि केरसुणीच्या दोन काड्यांनी ती त्यावर वाजवत होती. एक काडी जाड, एक बारीक. आधी सावकाश, मग चढत. अंगणातल्या पोरींचे पाय कुणी न सांगता त्या ठोक्यावर पडायला लागले. लेझमींच्या साखळ्या एकदम, एकाच झटक्यात वाजल्या. मोठ्या बाईंचे टाळी वाजवणारे हात छातीशीच राहिले.

शनिवारी मुलींची सभा भरायची. ही सभाही चन्नप्पाशेटचीच हौस. बायकांना चारचौघांत बोलता यावं, ठराव मांडता यावा, म्हणून त्यांनीच ती सुरू केली होती. त्या शनिवारी मल्लव्वा अध्यक्ष होती. खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

कमलम्मा उठली. "ठराव असा आहे की, संमेलनात हलगी भिमानं वाजवावी."

रंभा नावाची एक पोर चटकन उभी राहिली. "ती मांगाची हाय. आजी मला शेणानं अंगुळ घालंल."

"तुज्या मामाच्या लग्नात हलगी कुनी वाजिवली गं?" मागून गोजर नावाच्या पोरीनं विचारलं. "तिचाच बा हुता की. तवा तुजी आजी सगळ्यांत पुडं नाचली."

हशा पिकला. रंभासुद्धा तोंडावर हात ठेवून हसली, पण म्हणाली, "ते रस्त्यावर. हे शाळंत."

"मग शाळा रस्त्यापरास वाईट हाय म्हण की," म्हाळसाबाई दारातून बोलली.

"मावशी, तुम्ही सभासद नाही, तुम्हाला बोलता येत नाही," मल्लव्वानं अध्यक्षीण म्हणून दटावलं. मग हात वर करायला सांगितले. पाच सोडून सगळे वर झाले. मल्लव्वानं वहीत लिहिलं : ठराव मंजूर. खाली सही केली आणि वही मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मोठ्या बाईंनी ती दोनदा वाचली. "मंजूर झालाच आहे तर मी कोण नाही म्हणणारी," एवढंच म्हणाल्या. सोमवारी भिमा बापाची हलगी घेऊन आली.

हलगीचा आवाज दारं बंद करून कोंडता येत नाही. तो चाटी गल्लीपर्यंत गेला. गुरुवारी सकाळी म्हाळसाबाई पोरी घेऊन आली तेव्हा फाटकात चन्नप्पाशेट उभे होते. डोक्याला रुमाल, हातात पट. मागं मोठ्या बाई, आणि शिपाई महिपती.

"मोजा," शेट म्हणाले.

तिनं काठी आडवी धरली. एकेक पोर वाकून आत गेली. शेट ओठ हलवत मोजत होते.

"चाळीस. पटावर एकोणचाळीस नावं आहेत. जास्तीची कोण?"

"मला काय ठावं. मला वाचता कुटं येतंय?"

"म्हाळसाबाई, थट्टा नको. बोट दाखवा."

"बोट दाखवायचं काम माजं न्हाय, शेट. माजं काम गोळा करायचं. फाटकातनं आत गेली ती माजी. समद्या माज्याच हायत."

अंगणात पोरी लेझमी धरून उभ्या होत्या. कुणी हललं नाही. मल्लव्वा बापाकडं बघत होती आणि बाप तिच्याकडं बघायचं टाळत होता.

मग ओळीतून भिमा बाहेर आली. कुणी ढकललं नाही, कुणी बोलावलं नाही. हलगी तिच्या खांद्याला होती.

"मी जास्तीची," ती म्हणाली. "भिमा कुंडलिक. मला बाराखडी येती. म्हणून दावू?"

शेट काही वाईट माणूस नव्हते, हेच अवघड होतं. त्यांचा चेहरा उतरला. ते खाली वाकून, हळू आवाजात बोलले, "बाळ, तू घरी जा. तुझ्यावर राग नाही माझा." मग ताठ होऊन म्हाळसाबाईला म्हणाले, "सरकारचा कागद आलाय, जात बघून पोर नाकारू नका म्हणून. ठाऊक आहे मला. पण कागद सरकारचा आणि पोरी लोकांच्या. उद्या दहा घरांनी पोरी काढून घेतल्या तर? मी दहा वर्षं लोकांच्या पाया पडून ही शाळा उभी केलीय. तुम्ही मला न विचारता..."

"चुकलं मेंढरू आलं तर हाकलत न्हाईत आमच्यात."

"ही शाळा आहे, मेंढरांचं वाडगं नाही! उद्यापासून तुम्ही येऊ नका. महिपती बोलवील पोरी. तो दोरा द्या त्याच्याकडं."

म्हाळसाबाईनं कमरेवर हात ठेवला. "नोकरी तुमची, ती घ्या. दोरा माज्या मेंढरांच्या लोकरीचा हाय. शेवटच्या मेंढरांच्या. त्यो न्हाय गावायचा."

काठी टेकत ती निघाली. दहा पावलांवरून मागं वळून म्हणाली, "आनि शेट, वाडग्याला नाव ठिवू नका. वाडग्यात एक बी मेंढरू दारात हुबं करून जात इचारत न्हाईत."

शुक्रवारी सकाळी महिपती निघाला. आवाज त्याचा रांगडा, मिशा झुपकेदार. पहिल्याच दारात त्यानं "मुलगी पाठवा!" अशी हाळी दिली, तशी आतून बाईनं विचारलं, "कोण हाय?"

"शाळेचा शिपाई."

"बाई कुटं हाय?"

"बाई नाही. आता मीच."

"मग आता पोरगी बी न्हाय," म्हणून दार लागलं.

साखर पेठेत कमलम्माच्या आजीनं तेलुगूत त्याला असं काही सुनावलं की त्याला एक अक्षर कळलं नाही, तरी तो दोन पायऱ्या मागं आला. एके ठिकाणी तर त्याला कर्ज वसूल करायला आलेला माणूस समजून घरधनी मागच्या दारानं पसार झाला.

शेवटी महिपती शेटच्याच घरी गेला. तिथंही मल्लव्वाची आई दारात आडवी.

"शेटनीच धाडलंय मला," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

शेट ओसरीवर चहा पीत होते. "अगं, सोड तिला. मी सांगतोय ना."

"तुमीच म्हनला हुता की," त्या शांतपणे म्हणाल्या. "अगदी मी आलो तरी द्यायची न्हाय. घरोघर सांगत हिंडलात. आता तुमच्याच घरानं मोडायचा का नेम?"

"अव्वा, मीसुद्धा जाणार नाही," मल्लव्वा आतून म्हणाली. "सभेत ठराव झालाय, हलगी भिमाच वाजवणार."

शेटचा चहा बशीतच निवला.

त्या दिवशी शाळेत एकही पोर आली नाही. शनिवारीही नाही. मोठ्या बाई रिकाम्या वर्गात हजेरी घेत बसल्या. एकेक नाव मोठ्यानं वाचायचं आणि पुढं शून्य टाकायचं. सोमवारी सरकारकडून शाळेच्या तपासणीला मडम यायची होती.

इकडं म्हाळसाबाई आपल्या झोपडीपुढं लोकर कातत बसली होती. बाहेरून ती दगडासारखी दिसत होती, पण आत काळजी कुरतडत होती. ही नोकरी गेली तर सांगोल्याकडं भावाच्या तळावर जाऊन भावजयीची बोलणी खात दिवस काढायचे. आणि पोरी? चार दिवस घरात बसलेली पोर पाचव्या दिवशी पाळणा हलवायला लागते आणि सहाव्या दिवशी तिचं स्थळ बघतात. एका मेंढरापायी सगळा कळप तर घालवला नाही आपण? सूत दोनदा तुटलं. आजवर तुटलं नव्हतं.

रविवारी दुपारी भिमा आली. दूरच उभी राहिली.

"मावशी, माज्यापायी तुमची नोकरी गेली. आई म्हनली, पाया पडून ये."

"पडू नगं. हितं सावलीला ये."

भिमा आली, पण पाया पडली नाही. म्हणाली, "तुमी बोलवा नायतर नगा बोलवू. उद्या मी जानार. माजी मी. हाकललं तर फाटकाभाईर बसनार, फळा तितनं बी दिसतो जरा."

म्हाळसाबाई तिच्याकडं बघत राहिली. पोरीच्या ओठांवर उन्हानं खपली आली होती. "तहानली असशील. माठ आत हाय."

भिमानं ओंजळ पुढं केली.

"ओंजळ कशाला? आत जा. हातानं घे."

भिमा आत गेली. माठात तांब्या बुडल्याचा आवाज आला. म्हाळसाबाईनं तुटलेलं सूत जोडलं आणि चातीला पीळ दिला. तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी रुमाल दिसला.

शेट आणि मोठ्या बाई आल्या होत्या. मोठ्या बाईंच्या काखेत पट होता. म्हाळसाबाईनं घोंगडी अंथरली. शेट बसले आणि घोंगडीचं सूत चाचपत राहिले. मग मोठ्या बाईच म्हणाल्या, "म्हाळसाबाई, उद्या तपासणी आहे. तुम्ही यायला हवं."

"भिमा?"

"येऊ दे की," शेट घाईनं म्हणाले. "मी काही राक्षस आहे का? पडवीत बसू दे. ऐकू दे. संमेलनात हलगीही वाजवू दे, बायकांतच आहे. फक्त पटावर नाव नको. नाव नसलं की कुणाला सांगता येतं, बाबा, ती आमची विद्यार्थिनी नाही, नुसती वाजवायला आलीय. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

मोठ्या बाई जमिनीकडं बघत होत्या. चांगला मधला मार्ग होता. दुसरी कुणी असती तर हात जोडून हो म्हणाली असती.

म्हाळसाबाईनं चाती बाजूला ठेवली. "शेट, तुमी कापडातलं जानता, मी मेंढरातलं. ऐका. कळपात हाय पन मोजात न्हाय, असं मेंढरू कुणाचं असतं, ठावं हाय? लांडग्याचं. रातीत त्यानं नेलं तर सकाळी कुनाला कळत बी न्हाय. मोज तर बरोबरच भरतो. पडवीतली पोर उद्या आली न्हाय तर तुमी इचारणार हाय का, का आली न्हाय म्हनून? न्हाय इचारणार. तुमच्या पटात शून्य टाकायला बी जागा नसंल."

"पण लोक पोरी काढतील हो!"

"काढतील. त्यातल्या निम्म्या परत येतील. उरलेल्यांच्या दारात मी रोज तीन हाका मारीन. तुमी दहा वर्सं पाया पडला, मी आनिक दहा वर्सं वराडंन. पन नाव न्हाय तर मी न्हाय. आनि मी न्हाय तर..." ती थांबली. पुढचं शेटना ठाऊक होतं. नियम त्यांचाच होता.

झोपडीच्या दारात भिमा तांब्या धरून उभी होती. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. शेटनी तो तांब्या बघितला, त्यामागचा माठ बघितला, मग म्हाळसाबाईकडं बघितलं. ती नजर काढत नव्हती.

"लिहा," शेट म्हणाले आणि उठले. "घरी पण हेच, इथं पण हेच. माझ्याच घरात माझं कुणी ऐकत नाही, तर सभा कशाला शिकवली मी पोरींना?" रुमाल सारखा करत ते चालू लागले. लिहिताना बघायला थांबले नाहीत.

मोठ्या बाईंनी पट मांडीवर उघडला. शाई-टाक त्यांनी बरोबरच आणले होते, म्हणजे घरून निघतानाच त्यांच्या मनात काय होतं ते कळलं. चाळीसाव्या ओळीत त्यांनी लिहिलं आणि फुंकर घातली.

"मी बघनार," म्हाळसाबाई म्हणाली. "न्हाय, तुमच्यावर इस्वास हाय. पन बघनार." तिनं पट डोळ्यांजवळ नेला, बोट ठेवलं, एकेक अक्षर उचललं. बराच वेळ गेला. मग तिनं तो भिमापुढं धरला. "तू बी वाच. मोट्यानं."

"भिमा कुंडलिक," भिमानं वाचलं. आणि खालची ओळ रिकामी बघून म्हणाली, "आनि ह्या खाली कोन?"

मोठ्या बाई खूप दिवसांनी मोकळं हसल्या.

सोमवारी दुसरा भोंगा व्हायच्या आतच म्हाळसाबाई निघाली. रोज ती चाटी गल्लीपासून सुरुवात करायची. आज सरळ वेशीबाहेर गेली. मांगवाड्यात आजवर कुणी बोलावणारी आली नव्हती. माणसं दात घासता घासता थांबली. कुंडलिकच्या दारात ती उभी राहिली, काठी आपटली आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशी हाक मारली.

"भिमाऽऽ! शाळंला चल गं!"

भिमा केव्हाची तयार होऊन दाराआड उभी होती. पण तिन्ही हाका होईपर्यंत बाहेर आली नाही. तिसरी हाक पुरी झाल्यावरच तिनं उंबरा ओलांडला. कुंडलिकनं शेकून तापवलेली हलगी तिच्या खांद्याला अडकवली. तो म्हाळसाबाईकडं वळला. त्यानं हलगीचं कातडं बोटानं एकदा वाजवून बघितलं, एवढंच.

भिमा आज मागं चालली नाही. म्हाळसाबाईच्या काठीशेजारी, सगळ्यांत पुढं चालली. मल्लव्वा आली, गोजर आली, रंभाही आली. रंभाच्या अंगाला शेणाचा नव्हे, शिकेकाईचा वास येत होता. पण काही दारं उघडली नाहीत. सहा दारांत म्हाळसाबाईनं तीन-तीन हाका मारल्या आणि सहाही दारं तशीच राहिली. एका दुकानदारानं ओट्यावरून विचारलं, "काय म्हाळसाबाई, कळप रोडावला की आज!"

"कातरणीनंतर दिसतोच बारीक," ती न थांबता म्हणाली. "लोकर परत येती."

सातवं दार साखर पेठेत, कमलम्माचं. तेही बंद. आत माग चालू होता, ठक, ठक, ठक. म्हाळसाबाईनं पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. माग चालूच राहिला. आजी खिडकीत आली आणि खिडकी लावून घेतली.

पोरी खाली माना घालून उभ्या होत्या. म्हाळसाबाईनं दोऱ्यातली ती गाठ चाचपली. सोडली नाही. आधीच्या सहाही सोडल्या नव्हत्या.

"वाजीव गं," ती भिमाला म्हणाली.

"हितं? रस्त्यावर?"

"मग काय वखारीत कोंडून? वाजीव."

भिमानं हलगी छातीशी धरली. मागाचा ठोका ऐकला, आणि बरोबर त्याच ठोक्यावर पहिली काडी टाकली. मागं पोरींच्या हातांत सरावाच्या लेझमी होत्या. मल्लव्वानं आपली उचलली, मग गोजरनं, मग सगळ्यांनी. साखर पेठेच्या भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, बाप्यांच्या देखत पाय पडायला लागले. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी हाड्‌हूड केलं, कुणी नुसतं बघत राहिलं. म्हाळसाबाई काठी टेकून दारासमोर उभी होती, कुणी का तीसमारखान येईना, अशी.

एक डाव संपला तशी हलगी थांबली. आतला मागही थांबला होता.

त्या शांततेत, लावलेल्या दाराच्या आतून, मागच्या खोलीतून एक लेझीम वाजली. एकदाच, बरोबर ठोक्यावर. मग परत.

म्हाळसाबाईनं ती गाठ अंगठ्याखाली घेतली, काठी उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून हाक मारली.

"कमलम्माऽऽ!"